वृद्धाश्रमात शिबिरं होतात, दुसऱ्या दिवशी काम जसंच्या तसं. स्टाफचं प्रशिक्षण नेमकं बसवायचं कसं?

निवास_३६ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका ज्येष्ठ निवासासाठी विचारतोय. ३६ खाटा. ११ जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले, ९ जणांना डिमेन्शिया, बाकीचे आपलं आपण करणारे किंवा काठी-वॉकरवर चालणारे. स्टाफमध्ये ४ सिस्टर, १४ मावशी, ५ मामा. १२-१२ तासांच्या दोन पाळ्या. रात्री १ सिस्टर, ३ मावशी, १ मामा.

वर्षाला दोन शिबिरं होतात. डॉक्टर येतात, प्रोजेक्टरवर दाखवतात, चहा-नाष्टा, प्रमाणपत्रं, फोटो. हजेरी पूर्ण असते. पण बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम), पडणं आणि औषधांतल्या चुका या तिन्ही गोष्टी शिबिरानंतरही तेवढ्याच राहतात. निम्म्या मावशींना वाचायला जड जातं, त्यामुळे छापील पुस्तिका कपाटात पडून आहेत.

विचारायचंय ते असं. ड्युटी न मोडता शिकवायचं कसं? आधी काय शिकवायचं? बाहेरच्या कोर्सला माणसं पाठवावीत का? आणि व्यवस्थापक, सुपरवायझर यांनी स्वतः काय शिकायला पाहिजे? पैसा बेताचा आहे, शिकायची तयारी सगळ्यांची आहे.

---

सिस्टर_ट्यूटर

शिबिरातून माहिती मिळते, हात तयार होत नाहीत. कूस बदलणं, तोंड साफ करणं, घास भरवणं ही हाताची कामं आहेत, भाकरी थापण्यासारखी. ती बघून आणि करूनच येतात.

पाळी बदलताना १५ मिनिटं काढा. दोन्ही पाळ्यांचे लोक तेव्हा हजर असतात. आठवडाभर एकच विषय ठेवा. रोज नवा विषय घेतलात तर ज्याची साप्ताहिक सुट्टी असेल त्याचा तो कायमचा सुटतो. सात दिवस तेच घेतलं की सगळ्यांच्या हाताखालून एकदा तरी जातं. पहिली ३ मिनिटं काही न बोलता फक्त करून दाखवा. मग तेच परत करताना प्रत्येक पायरीचं कारण सांगा. नंतर दोघा-तिघांकडून करून घ्या आणि चूक तिथल्या तिथे हात धरून दुरुस्त करा. "समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर नेहमी "हो" येतं. "दाखवा बघू" म्हणा. ही १५ मिनिटं पगारी धरा. घरी जायच्या वेळेतून काढलीत तर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे राहणार.

पुढच्या आठवड्यात त्याच कामाची पाहणी करा. ड्युटी चालू असताना ५ मिनिटं उभं राहायचं, फक्त तीन गोष्टी बघायच्या, झालं की नाही तेवढं लिहायचं. वहीत चार रकाने पुरतात: नाव, काम, तारीख, कुणी पाहिलं. पाहणीत जे येत नाही ते परत १५ मिनिटांत घ्यायचं. शिकवणं आणि पाहणी ही जोडी तुटली की शिकवलेलं दोन आठवड्यांत विरतं.

सुरुवात बेडसोरपासून करा, कारण ११ जण अंथरुणावर आहेत. पहिल्या दिवशी एखाद्या मावशीलाच खाटेवर पाठीवर झोपवा आणि १० मिनिटं अजिबात हलू नका म्हणून सांगा. टाच, माकडहाड, डोक्याची मागची बाजू कुठे कुठे टोचते ते तिच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू दे. मग शिकवायला घ्या.

लाल दिसणाऱ्या जागेवर बोट ३ सेकंद दाबून सोडायचं. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर तो बेडसोरचा पहिला टप्पा, आणि ते त्याच पाळीत सिस्टरला कळलं पाहिजे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने आजूबाजूची कातडी आणि ती जागा ताडून बघायची: जास्त गरम आहे, कडक आहे की पिठासारखी मऊ लागते? आंघोळ आणि पॅड बदलणं या दोन वेळा माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कानामागे आणि नाकाला नळी असेल तर नाकपुडी बघायचीच.

कुशीवर वळवताना पूर्ण ९० अंश वळवू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक उशी अशी, की टाच अधांतरी राहील. टाचेखालून कागद सरकला पाहिजे, ही खूण सगळ्यांच्या लक्षात राहते. खाटेचं डोकं ३० अंशांपेक्षा वर ठेवलं की माणूस हळूहळू खाली घसरतो, आतलं हाड सरकतं आणि कातडी चादरीला चिकटून राहते. माकडहाडाची जखम बऱ्याचदा अशीच होते. जेवणासाठी उठवायचं, पण जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने परत खाली आणायचं. वर सरकवायला काखेत हात घालून ओढायचं नाही. कमरेखाली आडवी चादर कायम असू दे, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून न्यायचं.

लाल जागेवर मालिश नको, पावडर नको, हवेची रिंग नको. रिंगमुळे मधली जागा सुटते खरी, पण भोवतीचा रक्तपुरवठा दाबला जातो.

आता हे सगळं शिकवूनही बिघडतं कुठे, तर कूस बदलण्याचा तक्ता पाळी संपताना एका बसणीत भरला जातो. त्यावर उपाय म्हणजे तक्ता आधीच छापून खाटेला लावा: ८ ला पाठ, १० ला डावी कूस, १२ ला उजवी. प्रत्येक वेळेसमोर घड्याळाचं आणि कुशीचं चित्र. वाचता येण्याची गरज नाही. आणि सुपरवायझरने सही तपासायची नाही, माणूस बघायचा. सव्वादहाला आजी डाव्या कुशीवर नसतील तर काम झालेलं नाही, सही असली तरी.

---

खाट_ते_खुर्ची (फिजिओ)

ताईंनी सांगितलेल्यात एक हिशेब जोडतो, कारण तुमचं पडण्याचं प्रमाण आणि बेडसोर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

रात्री ११ जणांची कूस दोघांच्या जोडीने बदलायची, सोबत पॅडही बदलायचा, तर एका माणसाला १० मिनिटं धरा. एका फेरीला ११० मिनिटं. तुमच्याकडे दोन जोड्या, म्हणजे प्रत्येकीला ५५ मिनिटं. दर दोन तासांतला जवळजवळ अर्धा वेळ चौघंही पडद्याआड. त्याच वेळी एखाद्या आजोबांना लघवीला जायचं झालं तर ते हाक मारतात, कुणी येत नाही, मग एकटेच उठतात. रात्रीचं पडणं बहुतेक वेळा संडास-बाथरूमच्या वाटेवरच होतं. मावशींना "लक्ष ठेवा" असं कितीही शिकवलं तरी या गणितातून वाट निघत नाही.

म्हणून एका वेळी एकाच जोडीने कूस बदलायची आणि दुसरी जोडी बाहेर मोकळी ठेवायची. आणि सगळ्या ११ जणांना सारखं मोजू नका. बेडसोरचा धोका मोजायची ब्रेडन मोजणी सिस्टरला शिकवा: सहा बाबी, ६ ते २३ गुण, गुण जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा त्याखाली असेल तर खबरदारी. ज्यांची कातडी शाबूत आहे, गादी चांगली आहे, धोका तुलनेने कमी आहे, अशा काहींचं रात्रीचं अंतर डॉक्टरांना विचारून ३-४ तास करता येतं. त्यांना झोपही मिळते.

खाटेवरून खुर्चीत नेणं हा एक पूर्ण आठवड्याचा विषय आहे. व्हीलचेअर नेहमी माणसाच्या चांगल्या, जोर असलेल्या बाजूला, खाटेला तिरकी, ३० ते ४५ अंशांत लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या. ब्रेक लावल्यावर खुर्ची हाताने ढकलून बघायची, कारण चाकाचं रबर झिजलं की ब्रेक लागल्यासारखा दिसतो पण धरत नाही. माणसाला खाटेच्या काठावर बसवून २ मिनिटं थांबायचं. चक्कर येते का विचारायचं. तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले, गुडघ्यांच्या थोडे मागे. चप्पल मागून पट्ट्याची. लुंगी किंवा साडीचा घोळ घोट्याच्या वर खोचलेला. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा. पट्टा नसेल तर कमरेला धरा, पण काखेत हात घालून कधीच उचलू नका. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा हात तर ओढायचाच नाही. त्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, एका झटक्यात सांधा निखळतो आणि पुढचे महिने तो माणूस हात लावू देत नाही. "एक, दोन, तीन" म्हणून त्यांनाच पुढे झुकायला सांगायचं. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आलं की कुल्ले आपोआप उचलतात. मावशींची कंबर वाचते ती इथेच.

रक्तदाब झोपलेला असताना आणि उभं केल्यावर ३ मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना कळवा, औषधं बघावी लागतात. नवीन माणूस दाखल झाला की पहिल्या आठवड्यात हे व्हायलाच पाहिजे.

आणि पडल्यानंतर काय करायचं हे पडायच्या आधी शिकवा. सगळ्यांचा पहिला हात उचलायलाच जातो. थांबायचं. शुद्ध आहे का, डोक्याला लागलंय का, आणि दोन्ही पाय सारखे दिसतात का बघायचं. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. उभं करायचं नाही, अंगावर चादर घालून १०८ ला फोन. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्याला डोक्यावर मार लागला तर तो "मी बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच.

---

निवास_३६

दोघांचेही मनापासून आभार. ११० मिनिटांचा हिशेब कागदावर मांडला आणि रात्रीच्या नोंदी काढल्या. पडण्याच्या बहुतेक घटना कूस बदलण्याच्या फेरीच्याच वेळेत आहेत.

अजून दोन गोष्टी विचारतो. रात्री सिस्टर एकच असल्याने कधी कधी मावशी गोळ्या देतात. त्यांना औषधांचं प्रशिक्षण द्यावं का? आणि डिमेन्शियाच्या एक आजी आंघोळीला नेताना मारतात, ओरबाडतात. मग एक जण त्यांचे हात धरतो. कधी कधी ओढणीने हात बांधण्यापर्यंत जातं. हे थांबवायचंय, पण नुसतं "बांधू नका" सांगून थांबत नाही.

---

औषधपेटी

मावशींनी गोळ्या वाटायच्या नाहीत. प्रशिक्षण देऊनही नाही. रात्रीच्या गोळ्यांची वेळ सिस्टरच्या सोयीने बसवा. डॉक्टरांना विचाराल तर निम्म्या गोळ्या रात्री ८ च्या आत किंवा सकाळच्या वेळेत बसतात.

मावशींना शिकवायचं ते औषधाचा त्रास ओळखायला. मधुमेह असलेली व्यक्ती अचानक घामाघूम झाली, थरथरायला लागली, असंबद्ध बोलायला लागली, तर आधी साखर तपासायची. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायची. अजून कमी असेल तर परत तेवढीच. वर आली की काहीतरी खायला द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. साखरेची डबी आणि चमचा प्रत्येक मजल्यावर एका ठरलेल्या जागी हवा, स्वयंपाकघराच्या कुलपात नको.

सिस्टर लोकांसाठी सगळ्यात आधी इन्सुलिन घ्या, आणि त्यातही सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज यू-४०, लाल टोपणाची. पेनमधली काडतुसं आणि काही बाटल्या १०० युनिटच्या. यू-१०० सिरिंजचं टोपण केशरी. आता १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत घेतलं तर प्रत्यक्षात अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजने २० पर्यंत घेतलं तर जातात फक्त ८ युनिट, साखर चढते आणि डॉक्टर डोस वाढवतात. मग कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं आणि त्या रात्री साखर कोसळते. दोन्ही प्रकारच्या सिरिंज एका ड्रॉवरमध्ये ठेवायच्याच नाहीत. शक्य असेल तर सगळ्या निवासात एकच प्रकार ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागूनही नको. उघडल्यावर बाटलीवर तारीख घाला, साधारण २८ दिवसांनी टाकून द्या.

दुसरं, गोळ्या कुटणं. गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून पेजेत देतात. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर असेल तर ती दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी आहे, कुटली की दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. अशांची यादी काढून डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा दुसरा प्रकार लिहून घ्या.

तिसरं, आठवड्यातून एकदाच द्यायच्या गोळ्या. सांधेदुखीसाठी दिलेली मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली तर जीव जाऊ शकतो. औषधाच्या कार्डावर वार मोठ्या अक्षरात लिहा, बाकीच्या सहा दिवसांचे चौकोन काळ्या शाईने भरून टाका. रिकामा चौकोन दिसला की हात तिथे सही करायला जातो.

गोळ्या देताना सिस्टरला कुणी हाक मारायची नाही, फोनसुद्धा नाही. अंगात लाल पट्टा किंवा एप्रन घाला, सगळ्यांना खूण कळते.

---

हळू_बोला

बांधण्याबद्दल. बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो. मनगट सोलवटतं, तो जास्त घाबरतो, आणि पुढच्या वेळी बाथरूमचं दार दिसलं तरी मारायला लागतो. मावशींना हे कारणासकट सांगा. त्या क्रूर नसतात, घाईत असतात. ८ च्या आत १२ आंघोळी उरकायच्या असं ठरलेलं असेल तर हात बांधले जाणारच. त्या आजींची आंघोळ ११ वाजता ठेवा, आणि रोज नको. आठवड्यातून दोनदा आंघोळ आणि बाकीचे दिवस अंग पुसणं पुरतं. पॅडची जागा मात्र दर वेळी स्वच्छ व्हायला हवी.

आंघोळीचं शिकवायचं ते असं. बाथरूम आधी गरम करून ठेवा, बादल्या भरून, टॉवेल हाताशी. मागून जाऊ नका, समोरून जा, डोळ्यांच्या पातळीला या. घरात त्यांना ज्या नावाने हाक मारायचे त्याच नावाने हाक मारा: काकी, आक्का, जे असेल ते. एका वेळी एकच सूचना. सगळे कपडे एकदम काढू नका. खांद्यावर कोरडा टॉवेल राहू दे, एका वेळी जेवढं धुवायचं तेवढंच उघडं. पाणी थेट डोक्यावर ओतायचं नाही, त्याने माणूस दचकतो. आधी त्यांच्या हातात तांब्या द्या, पावलावर त्यांनाच पाणी घालू दे. पाण्याची धग त्यांना स्वतःला कळली की अंग सैल पडतं. नाहीच जमलं तर २० मिनिटांनी दुसऱ्या मावशीने जायचं. आधीची ओढाताण त्यांच्या लक्षात नसते, पण भीती अंगात राहते, म्हणून माणूस बदलायचा.

मारणं म्हणजे काहीतरी सांगणं आहे, हे वाक्य भिंतीवर लावण्यापेक्षा चार प्रश्नांची सवय लावा: कुठे दुखतंय का, पोट साफ कधी झालं, लघवीला जळजळ किंवा वास आहे का, भूक-तहान? काल शांत असणारा माणूस आज अचानक गोंधळला, भास व्हायला लागले किंवा उलट झोपूनच राहिला, तर तो डिमेन्शिया वाढला असं समजू नका. एक-दोन दिवसांत होणारा बदल हा बहुतेक वेळा शरीरातल्या आजाराचा असतो: जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन गोळी. त्याच दिवशी डॉक्टर. ही ओळख मावशींनाच सगळ्यात आधी पटू शकते, कारण रोजचा माणूस त्यांना माहीत असतो. "आजोबा आज येगळंच वागत्यात" एवढं त्या म्हणाल्या तरी ते लिहून घेतलं गेलं पाहिजे.

दाखल होताना आजाराची माहिती घेता तशी आयुष्याची एक पानभर घ्या. उठायची वेळ, काम काय होतं, चहा कसा लागतो, देव कोणता, कशाची भीती. चाळीस वर्षं म्हशींच्या धारा काढायला पहाटे ४ ला उठलेला माणूस निवासातही ४ ला उठणार. त्याला झोपेची गोळी देण्यापेक्षा ४ ला कपभर चहा आणि व्हरांड्यात दोन फेऱ्या द्या. हे पान मावशींना वाचून दाखवा, फाइलमध्ये लावून उपयोग नाही.

---

मऊ_भात

जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भरवणं हाही १५ मिनिटांचा विषय करा, न्यूमोनिया बऱ्याचदा इथून सुरू होतो. ताठ बसवा, भरवणाऱ्याने समोर खुर्चीवर बसायचं, उभं राहून नाही, कारण मान वर झाली की श्वासनलिका उघडी पडते. लहान चमचा, अर्धाच भरलेला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. खाताना खोकला आला किंवा आवाज घशात पाणी असल्यासारखा झाला तर थांबून सिस्टरला सांगायचं. जेवणानंतर ३० मिनिटं बसलेलंच ठेवायचं आणि गालात घास राहिलाय का बोट न घालता बॅटरीने बघायचं.

आपल्याकडचा पातळ रस्सा आणि त्यात तुकडे हा गिळायला सगळ्यात अवघड प्रकार: पाणी आधी घशात जातं, तुकडा तोंडात राहतो. रस्सा द्यायचा असेल तर भाकरी त्यात पूर्ण भिजवून, कुस्करून, एकजीव करून. वर सुटं पाणी दिसता कामा नये. चव राहते आणि माणूस आवडीने खातो. स्वयंपाकाच्या मावशींनाही या शिकवणीत बसवा.

---

ताळेबंद

व्यवस्थापकांनी काय शिकायचं यावर लिहितो. माझ्या मते सगळ्यात मोठी कमतरता तिथेच असते. चांगली काम करणारी सिस्टर सुपरवायझर होते आणि माणसं सांभाळायचं तिला कुणी शिकवत नाही.

पहिलं म्हणजे चुकीची नोंद घ्यायला शिकणं. चूक सांगणाऱ्याचा पगार कापला की पुढची चूक लपते. घटनेच्या कागदावर "कुणाची चूक" हा रकाना ठेवू नका. कुठे, किती वाजता, त्या वेळी ड्युटीवर कोण कोण कुठे होतं, जमीन ओली होती का, दिवा चालू होता का, हे विचारा. निसटत्या घटनाही लिहा, म्हणजे चुकीची गोळी हातात घेतली पण दिली नाही, ती सुद्धा. महिन्याला एकदा सगळ्या घटना घड्याळाच्या चित्रावर ठिपके देऊन मांडा. तुमच्या रात्रीच्या पडण्यासारखा आकार आपोआप दिसतो. मुद्दाम मारणं, चोरी, उपाशी ठेवणं हे मात्र यात मोडत नाही, तिथे त्याच दिवशी कारवाई.

दुसरं, चुकीबद्दल बोलणं. सगळ्यांसमोर नाही, त्याच पाळीत, आणि बघितलेल्या गोष्टीबद्दल: "तू निष्काळजी आहेस" असं नको, "साडेदहाला ७ नंबरच्या आजी पाठीवर होत्या, काय अडचण आली?" बऱ्याचदा उत्तर येतं की सुके पॅड संपले होते. मग काम मावशींचं नसतं, स्टोअरचं असतं.

तिसरं, नवीन माणूस. पहिल्या पाच ड्युट्या त्याला मोजणीत धरू नका, एका जुन्या मावशीच्या जोडीला ठेवा, आणि त्या मावशीला शिकवण्याचे थोडे पैसे द्या. पहिल्याच रात्री एकटं सोडलेली माणसंच लवकर सोडून जातात. सिस्टर_ट्यूटर ताईंच्या चार रकान्यांच्या वहीतल्या कामांना पगारवाढीशी जोडा. दहा कामं स्वतंत्रपणे येत असतील तर इतकी वाढ, हे लेखी आणि सगळ्यांना माहीत असलेलं.

कोर्सबद्दल: सरसकट पाठवू नका. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा जनरल ड्युटी असिस्टंटचा (रुग्ण-मदतनीसाचा) कोर्स पाया म्हणून चांगला आहे, पण तो रुग्णालयाच्या अंगाने जातो. दिल्लीची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था ज्येष्ठांच्या काळजीवर छोटे-मोठे कोर्स घेते, ते सुपरवायझर आणि व्यवस्थापकांना जास्त उपयोगी. जो जाईल त्याने परत येऊन तीन आठवड्यांच्या १५ मिनिटांच्या शिकवण्या घ्यायच्या, ही अट आधीच घाला.

कायदा थोडा तरी माहीत हवा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा, त्याखालचं प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण, ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली अंतर्गत समिती लागते. तुमच्याकडे २३ जण आहेत.

आणि कोल्हापुरात असाल तर पुराचा सराव. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ४३ ची वाट बघून ११ अंथरुणावरचे रुग्ण हलवता येत नाहीत. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. ३९ ला काय करायचं ते आधी लिहून ठेवा: सात दिवसांची औषधं आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत, इन्सुलिनसाठी थर्मास, पॅड, ऑक्सिजन, कोण कुणाला उचलणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात चादरीत धरून एक माणूस खरोखर जिना उतरवून बघा. रुग्ण नको, स्टाफपैकी कुणीतरी. किती जण लागतात आणि किती मिनिटं लागतात ते तेव्हाच कळतं.

---

सिस्टर_ट्यूटर

ताळेबंद दादांशी एका बाबतीत सहमत नाही. पगारवाढ दहा कामांना जोडली की पाहणी करणाऱ्यावर दबाव येतो आणि वही खोटी भरली जाते, कूस बदलण्याच्या तक्त्यासारखीच. जोडायचीच असेल तर पाहणी दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या पाळ्यांत केलेली असावी.

---

ताळेबंद

मान्य. दोन पाहण्या, आणि त्यातली एक रात्रपाळीत.

---

निवास_३६

सोमवारपासून कूस बदलण्याचा आठवडा सुरू करतोय. चित्रांचे तक्ते आज छापायला दिले, सिरिंजचे ड्रॉवर आजच वेगळे केले. आजींची आंघोळ ११ वर नेली, दोन मावशी ठरवल्या. रात्री एक जोडी बाहेर मोकळी राहील असा चार्ट केलाय.

ताई, शेवटचं एक. आमच्याकडे ६ अल्फा बेड (पंपावर चालणाऱ्या हवेच्या कप्प्यांच्या गाद्या) आहेत. त्यावर प्लॅस्टिक, मग अंडरपॅड, मग दुहेरी घडीची चादर असं घालतात. ते बरोबर आहे का?

---

सिस्टर_ट्यूटर

नाही. तेवढे थर घातले की हवेच्या कप्प्यांचा चढ-उतार अंगापर्यंत पोचतच नाही, आणि प्लॅस्टिकखाली घाम साठतो. एकच सुती चादर, सैल, ताणून खोचायची नाही. गळती असेल तर एक अंडरपॅड, तोही ओला झाला की लगेच बदलायचा. रोज सकाळी गादीखाली, बरोबर कुल्ल्यांच्या खाली, तळहात उताणा सरकवून बघा. हाताला माणसाचं हाड लागत असेल तर हवा कमी आहे. पंपावर वजनाचं बटण असेल तर ते त्या माणसाच्या वजनावर आहे का तेही बघा. पुसताना ते हमखास फिरतं. लाइट गेली की गादी हळूहळू बसते, म्हणून त्या सहा खाटांची नावं इन्व्हर्टरच्या बोर्डाजवळ लिहून ठेवा. आणि अल्फा बेड असला तरी कूस बदलायचीच.